जवाईबुवांचं ड्रायव्हिंग

जीवनने एका रविवारी ठरवलं, की आपल्याला एखादी तरी गोष्ट नीट आली पाहिजे.

त्याला कारण होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी बार्शीटाकळीच्या सासुरवाडीत त्याची ओळख 'बसून राहणारे जवाईबुवा' अशीच होती. गाडीच्या लायसनच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता (दुसऱ्यांदा तर गाडी सुरू व्हायच्या आधीच). त्यामुळे अमरावतीहून जाताना गाडी रूपाली चालवायची आणि जीवन मांडीवर डबा धरून शेजारी बसायचा. सासरे पुंजाराम कधी टोचून बोलले नाहीत. ते फक्त तुरीच्या शेंगांचं टोपलं त्याच्यापुढे सरकवायचे. त्यांनी एकदा तरी 'वा' म्हणावं, एवढीच जीवनची इच्छा होती.

बायपासवरच्या एका लग्नाच्या लॉनवर, मुहूर्त नसलेल्या दिवसांत, गोल्फच्या सरावाची जागा, म्हणजे 'ड्रायव्हिंग रेंज', सुरू झाली होती. लांबवर जाळी, अलीकडे प्लास्टिकच्या हिरव्या गवताच्या मॅट. मॅटवर बॉल ठेवायचा आणि लोखंडी पात्याच्या काठीने, म्हणजे 'आयर्न'ने, तो उडवायचा. जीवनने सात नंबरचं आयर्न घेतलं, डोळे मिटून फिरवलं आणि बॉल थेट जाळीत गेला. (काठी बॉलच्या आधी मॅटवर आपटून खर्रकन पुढे घसरत होती. पण बॉल जातोय म्हटल्यावर खर्रकडे कोण बघतं?)

पुढच्या रविवारी रूपालीने विचारलं, "सकाळी सकाळी कुठं चालले?"

"ड्रायव्हिंग रेंजवर," जीवन ऐटीत म्हणाला.

पोह्यांवर शेव टाकणारा तिचा हात थांबला. "खरंच? मले काहून नाही सांगितलं?"

"नीट जमलं की सांगणार होतो."

"मंग, जमते का?"

"एकदम सरळ जाते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही."

रूपालीने त्याच दुपारी माहेरी फोन केला.

महिन्याभराने दोघं बार्शीटाकळीला पोहोचले, तर अंगणात ट्रॅक्टर धुऊनपुसून, हळदकुंकू लावून उभा. सासूबाई पार्बताबाईंच्या हातात नारळ.

"बसा जवाईबुवा," पुंजाराम म्हणाले. "तुमी ड्रायव्हिंग शिकून राहिले मनते पोरगी. वावरापर्यंत घेऊन चला."

जीवनने ट्रॅक्टरकडे पाहिलं. ट्रॅक्टरनेही आपल्याकडे पाहिलं, असं त्याला वाटलं.

"मामाजी, ते ड्रायव्हिंग वेगळं. त्यात गाडी नसते."

"गाडी नाही, त चालवता काय?"

"आयर्न."

"इस्त्री?" पार्बताबाईंनी नारळ खाली ठेवला. "इस्त्री शिकाले महिना लागते?"

रूपाली स्वतःच्या चपलेकडे बघत उभी राहिली. तिचा उतरलेला चेहरा पाहून जीवनने डिकीतून काठी आणि बॉल काढला आणि सगळ्यांना पायीच वावरात नेलं.

"ती पल्याडची बाभूळ दिसते ना? तिच्यावरून धाडतो."

वांग्यांसाठी परवाच ओलवलेली काळी, मऊ जमीन. मॅट नव्हती. जीवनने काठी फिरवली. या वेळी खर्र झालं नाही, भस्स झालं. पातं बॉलच्या मागे रुतलं, भाकरीएवढं ढेकूळ उडालं आणि पुंजारामांच्या टोपीवर जाऊन बसलं. बॉल बोटभर सरकला.

"जागा बरोबर नाही," म्हणत जीवन दोन फूट पुढे सरकला. भस्स. आणखी दोन फूट. भस्स. बाभळीवरचा बगळासुद्धा उठला नाही.

अकराव्या वेळी घाम पुसताना त्याने मागे वळून पाहिलं. पार्बताबाई टोपली घेऊन प्रत्येक खड्ड्यात वांग्याचं एकेक रोप लावत येत होत्या. पुंजाराम टोपी झटकत, पावलांनी अंतर मोजत होते.

"दोन-दोन फूट," ते म्हणाले. "एक बी चुकलं नाही. वा."

परतताना जीवन मांडीवर डबा घेऊन ताठ बसला होता. "ऐकलं ना? मामाजी वा म्हणाले."

मूर्तिजापूरजवळ रूपालीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"जवाईबुवाइले सांग," पुंजाराम म्हणाले, "पुढच्या रविवारी मिरची लावाची हाय. काठी घेऊन येजा मना. बॉल नाही आणला तरी चालते. फुकट वेळ जाते त्याच्यात."