बंबसाहेबांचा पाइप

"या घरात धूर होणार नाही," असे बायकोने सांगितले आणि त्याच क्षणी बंबसाहेबांचे पाइप ओढायचे पक्के ठरले. तोवर ते नुसतेच मनात घोळत होते. नुकतेच ते अग्निशमन केंद्राच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले होते. उभी हयात लोकांच्या आगी विझवण्यात गेली. आता एक तरी आग आपली असावी, आपल्या हाताने आणि कोणाच्या बापाला न विचारता लावलेली असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. फार मोठी नको, चिमूटभर पुरे.

बायकोचेही काही चुकत नव्हते. संसारभर तिने नवऱ्याच्या कपड्यांतला धूर धुतला होता. आता कुठे कपाट उघडले की साबणाचा वास येऊ लागला होता, आणि या वयात नवे व्यसन लावून घेणे म्हणजे निव्वळ म्हातारचळ, असे तिचे स्पष्ट मत होते.

"जन्मभर ज्यानं विझवलं, त्यानं आता पेटवायचं?" तिने विचारले.

"पेटवणार. तुझ्या नाकावर टिच्चून पेटवणार," बंबसाहेब म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांनी चपला घालून, दाराबाहेर दोन्ही पाय टाकल्यावर उच्चारले.

पाइपचा दुकानदार म्हातारा आणि सबुरीचा होता. त्याने काचेच्या कपाटातून एकेक पाइप काढून मांडला. सरळ दांडीचा, वाकड्या दांडीचा, झाडाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेला, पांढऱ्या मातीचा. मग त्याने गिऱ्हाइकाला नीट न्याहाळले, ते सगळे बाजूला सारले आणि मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा एक हलकासा पाइप पुढे केला. नवशिक्यांनी यानेच सुरुवात करावी, तो तापत नाही आणि बिघडला तरी जीव हळहळत नाही, असे त्याचे सांगणे होते. सोबत त्याने सोनेरी, गोडसर वासाचा तंबाखू दाखवला. तो जिभेला चावत नाही म्हणे.

'नवशिका' हा शब्द बंबसाहेबांच्या वर्मी लागला. तेलाच्या पेटलेल्या गोदामात शिरलेला माणूस, आणि हा गृहस्थ त्याच्या हातात कणीस देतो! "सगळ्यात जहाल काय आहे, ते काढा," ते म्हणाले. दुकानदाराने नाइलाजाने दोरखंडासारखा वळलेला काळा, ओलसर तंबाखू काढला. तो बारीक चिरावा, कागदावर पसरून वाळवावा आणि पाइपात सैल भरावा, म्हणजे हवा खेळती राहते, असेही त्याने सुचवून पाहिले.

"आगीबद्दल तुम्ही मला शिकवू नका," बंबसाहेबांनी त्याला तोडून टाकले आणि दुकानातला सर्वांत मोठा पाइप उचलला. त्याचे डोके छोट्या खलबत्त्याएवढे होते.

दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर बंबसाहेब मागच्या खोलीत शिरले. काडी विझू नये म्हणून त्यांनी खिडकी लावली, शिस्त म्हणून वाळूची बादली जवळ ठेवली आणि कोणी पाहत नाही याची खात्री करून दुकानदाराचा एवढा एक सल्ला पाळला: पाइपात मावून उरलेला तंबाखू मागे वर्तमानपत्रावर वाळत घातला. पाइप मात्र त्यांनी अंगठ्याने असा ठासला, जणू पुराच्या वेळी वाळूची पोती भरत होते. हवा कोंडली की आग मरते, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले होते. त्यांच्या बोटांना दुसरे काही येतच नव्हते.

पाइप काही केल्या पेटेना. काडीमागून काडी ओढली, गालफडे दुखू लागली. चिडून ते विझल्यासारख्या दिसणाऱ्या काड्या खांद्यावरून मागे भिरकावू लागले. पण ते हट्टाला पेटलेले होते. आणि अखेर धूर आला. काळा, दाट, भरघोस धूर. बंबसाहेबांची छाती फुगली.

तेवढ्यात इमारतीचा भोंगा वाजला.

हा भोंगा बंबसाहेबांनीच सगळ्या रहिवाशांशी भांडून बसवून घेतला होता. तो वाजला की प्रत्येकाने असेल तसे जिन्याने खाली यायचे, हा नियमही त्यांचाच. त्यांनी झडप घालून केंद्राला फोन लावला. तिकडून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला नवा प्रमुख बोलला.

"अरे, मी बोलतोय. काही झालेलं नाही. येऊ नकोस."

"साहेब, 'काही झालेलं नाही' म्हणेल त्याच्याकडे आधी धावायचं, असं तुम्हीच शिकवलंत. निघालोच."

फोन ठेवून बंबसाहेब वळले, तर मागचे वर्तमानपत्र तंबाखूसकट पेटले होते. त्यांनी एका दमात वाळू ओतून ते विझवले. ते काम त्यांना अजून झकास येत होते.

अंगणात सगळी इमारत जमली. एकाच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण होता. बंब आला, नवा प्रमुख वर जाऊन खोली पाहू लागला. बायको बंबसाहेबांच्या कानाशी लागली. "दूध करपलं म्हणा. मी माझ्या अंगावर घेते."

"का म्हणून? मी काय चोरी केली?" बंबसाहेब म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मी पाइप ओढत होतो. माझ्या घरात. उद्याही ओढणार."

प्रमुख पाइप घेऊन खाली आला. त्याने तो उलटा केला, हुंगला आणि अवघडून म्हणाला, "साहेब, कागद जळलाय. पाइप पेटलेलाच नाही."

कोणीतरी फिसकन हसले, मग सगळेच हसले. बंबसाहेब मान ताठ ठेवून उभे राहिले, पण त्यांचा चेहरा उतरला. जळक्या घरांतून परतलेला नवरा बायकोने कितीदा पाहिला होता. एवढा हरलेला तो कधीच दिसला नव्हता. तिला ते सहन झाले नाही.

"हसताय काय? वेळ आली की त्यांच्याच नावानं ओरडत होतात ना?" ती म्हणाली. तिने पाइप हिसकावून घेतला, केसांतला आकडा काढून आतला तंबाखू उकरून मोकळा केला आणि नवऱ्यापुढे धरला. "घरात नको म्हटलं होतं. हे अंगण आहे. पेटवा."

नव्या प्रमुखाने शिरस्त्राण काढून वाऱ्याला आडोसा धरला. पहिल्याच काडीला पाइप पेटला. बंबसाहेबांनी खोल झुरका घेतला आणि त्यांची जीभ भाजली, कानांतून वाफ निघतेय असे वाटले, अंगण एका बाजूला कलले. इतकी भिकार चीज त्यांनी जन्मात तोंडात घातली नव्हती.

"कसा आहे, साहेब?"

"फर्स्ट क्लास," बंबसाहेब पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले.

त्यानंतर सुटका कुठली? सगळ्यांदेखत दिलेला शब्द. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बंबसाहेब पाइप ओढत. येणारेजाणारे कौतुकाने थांबत. जिभेवर फोड आला, जेवण बेचव झाले, तरी माणूस हटेना. बायकोने सोडून द्या म्हणून दोनदा विनवले, तर त्यांनी दोन्ही वेळा जास्तच धूर काढला.

शेवटी एका संध्याकाळी तीही शेजारी खुर्ची टाकून बसली. "मला आता आवडायला लागलाय हा वास," ती म्हणाली. "यापुढे रोज ओढायचाच. दुपारीसुद्धा. मी सांगते म्हणून."

बंबसाहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाइप खाडकन दगडावर उलटा केला.

"सांगणारी तू कोण?" असे म्हणून ते ताठ मानेने आत निघून गेले. बायकोने दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि त्यांच्या मागोमाग गेली.