मुकुंदशेठ पाणमांजराचं कुलमुखत्यारपत्र

एका जंगलात, मुलांनो, नळ होते.

हसू नका. वाघाच्या गुहेत नळ होता, सशाच्या बिळात नळ होता, आणि माकडांच्या वडावर तर फांदीफांदीला होता. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी वेळूच्या पाइपांतून घरोघरी यायचं. हा सगळा कारभार मुकुंदशेठ पाणमांजराचा. त्यांच्या दुकानावर पाटी होती, ‘मुकुंद आणि सुपुत्र, नळकाम तज्ज्ञ’. सुपुत्र नव्हते. पण पाटीला वजन येत होतं.

मुकुंदशेठ हुशार प्लंबर होते. कोणाचा नळ गळायला लागला की ते चौथ्या निरोपाला यायचे, मान हलवायचे, “याला आधी कोणी हात लावला होता?” असं विचारायचे. मग नळ असा दुरुस्त करायचे, की तो पुढच्या अमावस्येपर्यंत टिकावा. त्यापुढची पौर्णिमा बघायची सवय त्यांनी कुठल्याच नळाला लावली नव्हती.

एकदा टाकीवरच्या शेवाळावरून मुकुंदशेठ घसरले आणि कमरेवर आपटले. अस्वलवैद्यांनी कंबर दाबून बघितली. शेठ ओरडले, तेव्हा वैद्यांना निदान झालं.

“थंडी संपेपर्यंत डोंगरापलीकडच्या गरम कुंडात पडून राहायचं,” वैद्य म्हणाले. “पाना हातात घ्यायचा नाही.”

“आणि माझा धंदा?”

“त्याला कुंडात आणू नका.”

मग काटदरे वकिलांना बोलावलं. काटदरे जातीचे साळिंदर. अंगभर लेखण्या असल्यामुळे घरून लेखणी आणायची त्यांना गरज नव्हती. ते म्हणाले, “सोपं आहे. कुलमुखत्यारपत्र करून टाकू.”

कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, मुलांनो? म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने सह्या करायच्या, आणि पस्तावायचं मात्र आपलं आपण.

“कोणाच्या नावे करू?” वकिलांनी विचारलं.

“माझ्या,” शेठच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या. “नाहीतरी लोकांच्या शिव्या मीच खाते.”

“अगं, तुला कशाला सह्यांचा ताप?” शेठ म्हणाले. म्हणजे नको.

तेवढ्यात यमुनाबाईंचा भाऊ हिरामण मुंगूस बोरं घेऊन आला. पाणमांजरीचा भाऊ मुंगूस कसा, असं विचारू नका. नात्यागोत्यात असं चालतं.

“दाजी, मी आहे ना! तुम्ही बिनघोर झोपा,” हिरामण म्हणाला.

शेठनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे त्यांना स्वतःचं तरुणपण दिसलं. ते घाबरले.

“शेठ,” वकील म्हणाले, “ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा, असं तुमचं कोण आहे?”

मुकुंदशेठ एकेकाचा चेहरा आठवून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. कंबर दुखतेय, असं त्यांनी सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, “त्र्यंबकपंत.”

त्र्यंबकपंत म्हणजे तळ्याकाठचं कासव. त्यांना एकदा वाटेत कोणाचं तरी आवळ्यांचं गाठोडं सापडलं होतं. मालकाला ते द्यायला पंत दोन डोंगर चालून गेले. पोचेपर्यंत आवळे वाळून सुपारी झाली होती, पण एकही कमी नव्हता.

“मला नळातलं ओ की ठो कळत नाही,” बोलावून आणलेले पंत म्हणाले.

“म्हणून तर तुम्ही!” शेठ खूश झाले. “फक्त सह्या करा, आणि कोणाला काही लंपास करू देऊ नका.”

काटदऱ्यांनी सवयीने लांबलचक कागद लिहिला. नोकर ठेवणे, सामान घेणे, गळतीचे समूळ निवारण करणे, सगळं त्यात आलं. शेठनी न वाचता सही केली आणि डोलीत बसून कुंडाकडे गेले.

पंतांनी तो कागद पूर्ण वाचला.

इथेच घात झाला, मुलांनो. कागद पूर्ण वाचणारा प्राणी त्या जंगलात त्याआधी जन्मलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंतांनी दुकानात कामाला असलेल्या खेकड्यांच्या मिस्त्रीला बोलावलं. “वाघाचा नळ गळतो?”

“आजोबा वाघ होते तेव्हापासून.”

“का गळतो?”

मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. “वॉशर आपण उलटा बसवतो, पंत. पद्धत आहे तशी.”

“सुलटा बसवता येतो?”

“येतो की. पण मग परत कोण बोलावणार?”

“कागदात समूळ लिहिलंय,” पंत म्हणाले. “सुलटा बसवा.”

मिस्त्री बिचारा तिरका तिरका रडत गेला. पण सही पंतांची होती. नळामागून नळ सुलटे झाले. खुद्द मुकुंदशेठच्या मोरीतला नळही झाला. लग्नापासून त्याखाली बादली ठेवणाऱ्या यमुनाबाईंनी ती प्रथमच उचलली, आणि पंतांना एकामागोमाग तीन वेळा चहा विचारला.

थोड्याच दिवसांत जंगलात एकही नळ गळेना. निरोप येईनात. खेकडे दुकानापुढे बसून एकमेकांच्या नांग्या मोजू लागले. यमुनाबाईंना आधी आनंद झाला होता. मग त्यांनी डाळीचा डबा उघडला, तळ बघितला, आणि तडक डोंगर ओलांडून कुंडावर गेल्या.

“अहो, उठा. धंदा बुडाला.”

“पंतांनी खाल्ला?” शेठनी मोठ्या आशेने विचारलं.

“नाही हो. त्यांनी सगळे नळ दुरुस्त केले.”

मुकुंदशेठ ओल्या अंगाने, कमरेला पट्टा बांधून, वाटेत काटदरे वकिलांना बरोबर घेऊन, कण्हत कण्हत दुकानात आले. दारातूनच ओरडले, “पंत, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता!”

“मीही त्याला जागलो,” पंत शांतपणे म्हणाले. “वॉशरसुद्धा एक हरवला नाही.”

“तुम्हाला सगळे अधिकार दिले होते. काम करायचा कोणी दिला?”

“समूळ निवारण, असं तुमच्या सहीच्या वर लिहिलंय.”

“अहो, ते लिहायचं असतं!”

पंतांना हे खरोखरच कळलं नाही. त्यांचा चेहरा इतका पडला, की शेठना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी वकिलांकडे वळून विचारलं, “यांच्यावर फिर्याद ठोकता येईल?”

काटदऱ्यांनी कायद्याचं सगळं पुस्तक चाळलं. “प्रामाणिकपणा गुन्ह्यांत सापडत नाही. बहुतेक आजवर कोणी केला नसावा. कागद मात्र रद्द करता येईल.”

कागद रद्द झाला. पंत मान आत घेऊन तळ्याकडे निघाले. त्यांना पोचवायला कोणी गेलं नाही. नवा कागद हिरामणच्या नावे झाला. त्याने तो वाचला नाही. सही कुठे करायची, एवढंच विचारलं. मग तपासणीच्या नावाखाली खेकड्यांनी घरोघरचे वॉशर पुन्हा उलटे बसवले.

पुढच्या अमावस्येला वाघाचा नळ गळाला, मग सशाचा, मग वडाच्या सगळ्या फांद्या. हिरामण पाचव्या निरोपाला जायचा. जाईल तिथे त्याला पाट मिळायचा, गूळपाणी मिळायचं. निम्मा गल्ला तो स्वतः ठेवायचा. उरलेल्या निम्म्यात यमुनाबाईंचा डबा भरला, खेकड्यांना काम मिळालं, आणि मुकुंदशेठ कुंडात पुन्हा गाढ झोपू लागले.

थंडी सरताना जंगलाने हिरामणचा जाहीर सत्कार केला. वाघाने स्वतः त्याच्या खांद्यावर शाल घातली.

“हा बघा प्लंबर!” वाघ गहिवरून म्हणाला. “रात्र म्हणत नाही, दिवस म्हणत नाही, सारखा आमच्या दारात. नाहीतर ते त्र्यंबकपंत! त्यांच्या राज्यात एक प्लंबर कधी फिरकला नाही.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, मुखत्यारपत्र प्रामाणिक माणसाच्या नावे कधी करू नये. लबाड माणूस निम्मंच खातो, प्रामाणिक माणूस काम संपवूनच टाकतो. तुमच्यातल्या कोणाला मोठेपणी त्र्यंबकपंत व्हायचं असेल, तर त्याने आत्ताच हात वर करावा. बाकीच्यांनी त्याचा चेहरा नीट बघून ठेवावा.