सिस्टरांचे सराव पेपर

सिस्टरांचे पाचही सराव पेपर टेलरमास्तरांनी कटिंगच्या टेबलावर ओळीने मांडले आणि कापड कमी भरल्यासारखा चेहरा केला. बहात्तर, एकेचाळीस, एकोणसत्तर, अडतीस, चौऱ्याहत्तर.

"अगं, ही एकाच बाईची मापं आहेत?"

"एकाच बाईची, अन् तीही तुमच्याच बायकोची," सिस्टर म्हणाल्या.

एकोणीस वर्षं त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. वॉर्डच्या इन्चार्ज व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, साठ गुणांना पास. दोनदा हुकली होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. अभ्यासात कसूर नव्हती. भाजी चिरतानाही औषधांचे डोस पाठ म्हणत.

"परीक्षेला यातली नेमकी कोणती मी जाणार, तेच कळेना झालंय हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली. बायको रडवेली झाली की त्यांना काहीतरी मोजावंसं वाटे.

"हे बघ, आपटी खाल्लीस दुसऱ्या आणि चौथ्यात. सम आकडे! सहावा पेपर सोडवायचाच नाही." सहावा पेपर रद्दीत गेला. "आणि चांगले गुण पडले तेव्हा तू निळा स्वेटर घातला होतास. पंखाही बंद होता."

"थंडी होती तेव्हा."

"कारणं सांगू नकोस. पुरावा बघ."

म्हणून सातव्या पेपरला, भर दुपारच्या उकाड्यात, सिस्टर गळाबंद स्वेटर घालून बंद पंख्याखाली बसल्या. आवाज नको म्हणून मास्तरांनी शिलाई मशीन थांबवलं. मशीन थांबलं म्हणून एका बाईंचा ड्रेस अर्धवट राहिला. त्या बाई ठरल्या वेळेला दारात हजर झाल्या.

"शू! आत बायको आहे," मास्तर कुजबुजले.

"काय झालं त्यांना?"

"अजून काही सांगता येत नाही. बहात्तरही होईल, अडतीसही."

"अगं बाई, नाडी एवढी खाली-वर?" असं म्हणत बाई थेट आत शिरल्या. समोर स्वेटरमध्ये घामाघूम झालेल्या सिस्टर. बाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, पंखा लावला आणि पेपर काढून घेतला. "आजारपणात कसलं लिहीत बसायचं!" त्यांची समजूत काढण्यात अकरा मिनिटं गेली. गुण छत्तीस.

"विषम आकडा होता की हो," सिस्टर एवढंच म्हणाल्या. मास्तरांना त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी नववीतली मुलगी पुढे झाली. "बाबा, तुम्ही आईचं माप बाहेरून घेताय. आत काय होतंय ते बघू या."

आठव्या पेपरला ती मोबाइल घेऊन शेजारी बसली आणि आईला कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागतो ते टिपत गेली. गुण चव्वेचाळीस. पण कागद बोलका होता. सतरावा प्रश्न, सलाईनच्या थेंबांचं गणित, एकवीस मिनिटं. शेवटचे एकोणचाळीस प्रश्न कोरे.

"हे तुला येत नव्हते?"

"येतात गं. पोचलेच नाही तिथवर."

मग जुने पेपर पुन्हा काढले. चांगले गुण पडले होते तिथे असलं गणित अगदी शेवटी होतं. जिथे ते सुरुवातीलाच भेटलं, तिथे सिस्टर त्याच्यापाशीच बसून राहिल्या होत्या.

"अडलं तर सोडून पुढे का जात नाहीस?"

"असं कसं? हातातला पेशंट अर्धा टाकून जायचं?"

"बरं, ड्रेसिंगला एकदम तीस जण आले तर काय करतेस?"

"आधी सगळ्यांवरून एक फेरी. ज्यांचं मिनिटात होतं त्यांचं उरकायचं. वेळ लागणाऱ्यांच्या कागदावर खूण करायची, दुसऱ्या फेरीत..." सिस्टर बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी नववा पेपर पुढे ओढला.

नववा पेपर सत्तर. दहावा त्र्याहत्तर. अकरावा एकाहत्तर. मास्तरांनी स्वेटर गुपचूप पेटीत घातला.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या फेरीतच एकोणसाठ प्रश्न झाले. शेवटचं पान तेवढं बघायचं राहिलं होतं, आणि चाळीस मिनिटं उरली असताना फेऱ्या मारणारे वयस्कर पर्यवेक्षक डगमगले आणि खाली कोसळले.

हॉलभर नर्सच. सगळ्यांनी पर्यवेक्षकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. दोघी-तिघी अर्धवट उठल्याही. तोवर सिस्टर खाली बसून नाडी बघत होत्या. "तुम्ही लिहा गं, मी आहे." त्यांनी कॉलर सैल केली, पाय उंच करून त्यांच्याच बॅगेवर ठेवले, शिपायाला डॉक्टरांकडे पिटाळलं.

पर्यवेक्षकांनी डोळे उघडले आणि कर्तव्य आठवून पडल्या पडल्या पुटपुटले, "शेवटची... तीस मिनिटं..."

"ती सगळी तुमच्याकडेच चाललीत. गप्प पडून राहा."

डॉक्टर आले तेव्हा पंधरा मिनिटं संपली होती. वाढीव वेळ नियमात नव्हता. सिस्टर जागेवर बसल्या, खुणा केलेले प्रश्न हाताला येतील तसे उरकले. घंटा झाली तेव्हा शेवटच्या पानावरचे पाच प्रश्न न वाचताच कोरे राहिले.

आठवड्याने उत्तरं जाहीर झाली. सिस्टरांनी आपली उत्तरं टिपून आणलेली प्रश्नपत्रिका मास्तरांनी टेबलावर पसरली आणि ते खडूने एकेक खूण करत गेले. मुलगी मोजत होती. अडुसष्ट.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि नाक ओढलं. मग आनंद लपवायला म्हणून कोऱ्या प्रश्नांकडे वळले.

"काय गं तू! हा बघ, सोडून आलीस. 'चक्कर येऊन पडलेल्या व्यक्तीस प्रथम काय कराल?' एवढं सोपं तुला येत नव्हतं?"

"येत होतं हो," सिस्टर म्हणाल्या. "तोच सोडवण्यात तर पंधरा मिनिटं गेली."