न समजल्याचा दाखला

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात, फलकावर, कृष्णकांत मेश्रामला आपला मायक्रोप्रोसेसर दिसला. पाच पानांचा आराखडा खळीने चिकटवलेला, आणि प्रत्येक पानावर 'वाचकांसाठी खुले' असा तारखेचा शिक्का. साल १९८४.

कृष्णकांत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. तीन वर्षं खपून त्याने कागदावर चिपची अशी रचना बसवली होती, की वीज गेली तरी काम कुठवर आलं होतं ते ती विसरू नये. नागपुरात राहून ही गरज कळायला बुद्धी लागत नाही, भागवायला लागते. मुंबईची एक कंपनी परवाना घ्यायला तयार होती. अट एकच: आधी पेटंटचा अर्ज. तो अर्ज सोमवारी कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसला जायचा होता. तोवर कागद कोणाला दाखवायचे नाहीत, हे त्याने घरात बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

कागद वडिलांनी, वामनरावांनी, नेले होते. वस्तीतल्या पोराने काही लिहिलं की ते आधी वाचनालयात लागायचं, मग बाहेर जायचं. ही पद्धत विहाराइतकीच जुनी.

पेटंट एजंटाने डोक्याला हात लावला. अर्जाआधी शोध जाहीर झाला की तो नवा राहत नाही, आणि पेटंट नसेल तर कंपनी परवान्याचं नाव काढणार नाही. एकच पळवाट होती. पाहणाऱ्यांना काही समजलंच नसेल, तर भांडता येईल. तसं लिहून आणा, तो म्हणाला.

नोंदवहीत बारा वाचक होते, सगळे गिरणीतले जुने विणकर. कृष्णकांतला हायसं वाटलं. दाखल्याचा पहिला कागद त्याने सचिव ताराचंदांपुढे ठेवला.

"वाचनालयाचा सचिव हाय मी. समजलं नाही असं लिहून देऊ?" ताराचंद म्हणाले. "अन् समजलं ना गा मले. माग बंद पडला का विणकर खूण ठेवते, मंग तिथूनच सुरू. तुही चिप तेच करून राहिली."

"हे कोणी सांगितलं तुमाले?"

"तुह्या बापानं. दोन दिवस फलकापुढे उभा राहून सांगत होता."

कृष्णकांत मोठ्याने बडबडत काम करायचा, आणि वामनराव तीन वर्षं शेजारच्या खाटेवरून ऐकत आले होते.

रविवारी संध्याकाळपर्यंत, पोराचं नुकसान नको म्हणून, ताराचंदांसकट अकरा जणांनी न समजल्याचं लिहून दिलं. नत्थूने नेमकं कोणत्या पानावरचं काय समजलं नाही तेही लिहिलं. त्यातून बाकीचं समजल्याचं सिद्ध होत होतं, म्हणून त्याचा कागद पुन्हा लिहावा लागला. बारावे वाचक वामनराव.

"चौथी शिकलो मी," ते म्हणाले. "तुही पुस्तकं नुसती पुसून ठेवली. हे एक समजलं, अन् तेच नाही समजलं म्हणू?"

"सगळं बुडन, बाबा."

"मंग चौथं पान मले सांग. लाइट गेल्यावर खूण ठेवते कोण? त्याची तार तं मेन लाइनीवर हाय. खूण ठेवणाराच झोपला तं?"

कृष्णकांतने चौथं पान काढलं. तारेवरून बोट फिरवत तो मेन लाइनीपर्यंत पोचला. फलकावरचा मायक्रोप्रोसेसर पहिल्याच लोडशेडिंगमध्ये सगळं विसरणारा होता.

तार कुठून न्यावी, यावर बापलेकांचं दोन तास भांडण झालं. सोमवारी दुपारी एजंटाने नवा आराखडा पाहिला, आणि जो जाहीर झाला तो चालत नाही, चालतो तो जाहीर झालेला नाही, असा युक्तिवाद अर्जाला जोडला. अकरा दाखले ज्याचे त्याला परत गेले.

अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना झाला आहे. शोधकाच्या रकान्यात दोन नावं आहेत. कलकत्त्याहून अद्याप उत्तर नाही. कंपनीने मात्र अर्जाची प्रत पाहून पत्राने विचारलं आहे, की श्री. वामनराव मेश्राम सध्या कोणत्या संस्थेत संशोधन करतात.