गोफणीला रकाना नव्हता

लहान विमानतळावर उतरल्यावर वैमानिकानं पहिलं काम कोणतं करावं, याविषयी कंपनीचा नियम स्पष्ट होता. इंजिन बंद करावं आणि 'सुविधा पाहणी तक्ता' भरायला घ्यावा. तक्त्यात बेचाळीस रकाने होते आणि मुक्काम चाळीस मिनिटांचा असे. तक्ता भरून दिल्याखेरीज परतीचं उड्डाण करता येत नसे. कॅप्टन हसीना कागदी यांनी असे एकोणीस विमानतळ रकान्यारकान्यानं पाहिले होते. विसावा त्यांच्या माहेरचा निघाला.

हसीनाबाई एकसष्ट वर्षांच्या, मूळच्या जुन्नरच्या. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनत असे आणि तो लांबलांबच्या दफ्तरांत जात असे. पणजोबांनी कागद केला, पणती त्याच्यावर खुणा करत होती, एवढाच काय तो घराण्याच्या कामात बदल. पण त्यामुळे एक गोष्ट रक्तात उतरली होती: कागदावर आलं की माणसाचं भलं होतं, असा त्यांचा विश्वास होता. पुढं जे झालं ते त्या विश्वासापायी.

जुन्नर-आंबेगाव संयुक्त विमानतळ दोन्ही तालुक्यांच्या शिवेवरच्या माळावर बांधलेला होता. कोणत्याच तालुक्यावर अन्याय होऊ नये म्हणून निम्मी धावपट्टी जुन्नरात आणि निम्मी आंबेगावात घातली होती. विमान जुन्नरात टेके आणि आंबेगावात थांबे. पुण्याहून यायला अठरा मिनिटं लागत. त्याआधी प्रवाशांना दोन तास तपासणीसाठी बसावं लागे, आणि उतरल्यावर जुन्नरला जायला रिक्षा मिळेपर्यंत एक तास. तरीही चाकणच्या वाहतुकीपेक्षा हे बरं, असं सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

पहिल्यांदा त्या उतरल्या तेव्हा पौष चालू होता. आसपासच्या कोंबड्यांच्या शेडमुळे माळावर बगळे, घारी, टिटव्या यांचा मेळा भरलेला असे. धावपट्टी समोर आली तसा डांबरावर पांढरा थवा बसलेला दिसला. एक बगळा इंजिनात गेला तर नऊ प्रवाशांचं काय होतं, हे हसीनाबाईंना पाठ होतं. त्या विमान पुन्हा वर घेणार, तोच धावपट्टीच्या कडेला चार खांबांच्या माळ्यावर एक म्हातारा उभा राहिला. त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि थवा उठून डिंभ्याच्या दिशेनं गेला. म्हाताऱ्याचं लाल उपरणं खांबाला बांधलेलं होतं. वारा कुठून आहे ते हसीनाबाईंनी त्या उपरण्यावरून ताडलं आणि विमान अलगद टेकवलं.

वाऱ्याची दिशा दाखवणारी सरकारी पिशवीही होती. ती वाऱ्यानं फाटते म्हणून कपाटात ठेवली होती. व्यवस्थापक सुदर्शन यांनी ती घडी उलगडून दाखवली. सुदर्शन अदबशीर तरुण होते. त्यांची मूळ नेमणूक दुसऱ्या खात्यात होती आणि विमानतळ त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होता. त्यांनी लिफ्ट दाखवली. इमारत एकमजली होती, पण लिफ्टचा रकाना सक्तीचा होता, म्हणून लिफ्ट तळमजल्यावरून तळमजल्यावर जात असे. अग्निशमनाची गाडी नवीकोरी होती. पाणी कालव्याच्या आवर्तनात मिळणार होतं, त्यामुळे आग आवर्तनाच्या आठवड्यात लागणं आवश्यक होतं. फोटो काढायची जागा होती, तिथं 'आय' नंतरचं बदाम लागलं होतं आणि गावाचं नाव दोन तालुक्यांत एकमत न झाल्यानं राहिलं होतं.

हसीनाबाईंना ओतूरचं एसटी स्टँड आठवलं. कॉलेजला असताना त्या तिथं तासन्‌तास बसल्या होत्या. एक बाकडं, एक रांजण आणि चौकशीच्या खिडकीत दादाभाऊ. दादाभाऊ गाडी न बघता आवाजावरून सांगत, ही भीमाशंकरची. डिंभ्याची गाडी कधी येईल असं विचारलं तर म्हणत, येईल तवा येईल, तवर च्या घ्या. सुविधा तीनच होत्या, पण त्यांतली एक खरं बोलत असे.

बेचाळीस रकाने भरून झाले. माळ्यावरच्या म्हाताऱ्याला रकाना नव्हता. सुदर्शननी सांगितलं, ते गेणभाऊ, डिंभे धरणातले विस्थापित. पुनर्वसनात मिळालेली जमीन धावपट्टीत गेली. रोजंदारी बगीच्याच्या नावे पडते. बगीचा अद्याप व्हायचा आहे.

हसीनाबाई माळ्याशी गेल्या. गेणभाऊंच्या हातात सुती दोरीची विणलेली गोफण होती, पायाशी खड्यांचा ढीग. याच माळ्यावरून ते पूर्वी बाजरी राखायचे. बाजरी गेली, डांबर आलं, पाखरं तीच राहिली, म्हणून तेही राहिले. हसीनाबाई म्हणाल्या की एकोणीस विमानतळांवर असं काम पाहिलं नाही, मी शेऱ्यात तुमचं नाव लिहिते.

"बाई, तेवढं नका करू," गेणभाऊ म्हणाले.

"अहो, चांगलंच लिहितेय."

"चांगलं-वाईट न्हाई वो. धरणाच्या टायमाला कागदावर आलो, तवा गाव गेलं. धावपट्टीच्या टायमाला आलो, तवा रान गेलं. आता ह्यो माळा ऱ्हायलाय. ह्यो कागदावर न्हाई, म्हणून हाये."

हसीनाबाईंना वाटलं, म्हातारा लाजतोय. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पक्षी हाकण्याची येथील व्यवस्था सर्वोत्तम. श्री. गेणभाऊ यांना कायम करावे.'

चैत्रात त्या पुन्हा आल्या तेव्हा दोन घिरट्या घालूनच उतरता आलं. शेरा वर पोहोचला होता आणि त्याची फार गंभीर दखल घेतली गेली होती. पहिला प्रश्न असा निघाला की सर्वोत्तम व्यवस्था कुणाच्या मंजुरीनं चालू आहे. गोफणीला प्रमाणपत्र नव्हतं. धावपट्टीवर खडा असणं हा गुन्हा होता आणि गेणभाऊ रोज शंभर टाकत होते. शिवाय खडा जुन्नरातून सुटून आंबेगावात पडत असल्यानं आंबेगावची वेगळी ना-हरकत लागणार होती. तरीही माणूस अनुभवी म्हणून त्यांना पुण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शेवटी लेखी परीक्षा होती. प्रश्न: धावपट्टीवर पक्षी आढळल्यास प्रथम काय कराल? बरोबर उत्तर: वरिष्ठांना कळवू. गेणभाऊंनी लिहिलं होतं, 'हाकलीन.'

नापास झाल्यानं त्यांना माळ्यावरून खाली उतरवून पक्षी-नोंदवही दिली गेली. माळ्यावर यंत्र बसवलं. ते सौरऊर्जेवर चाले आणि दर पाच मिनिटांनी गरुडाचा आवाज काढी. तो गरुड बहुधा परदेशी असावा, कारण इथल्या घारींना त्यात काही ओळखीचं वाटलं नाही. एका टिटवीनं यंत्राच्या सावलीत अंडी घातली. अंडी असल्यामुळे यंत्राजवळ जाण्यास मनाई करणारी पाटी लागली.

तक्त्यात आता त्रेचाळिसावा रकाना आला होता. 'पक्षी हाकण्याची व्यवस्था: आहे / नाही.' हसीनाबाईंनी शेऱ्याचा रकाना शोधला. तो काढून टाकला होता. मागच्या शेऱ्यामुळे पत्रव्यवहार फार वाढला होता, असं सुदर्शन म्हणाले.

त्या 'नाही'वर खूण करणार, तेव्हा सुदर्शननी अदबीनं समजावलं की 'नाही' लिहिलं तर विमानतळ बंद राहील आणि सर्वांत आधी रोजंदारीवाले जातील. गेणभाऊ बाजूलाच नोंदवही घेऊन उभे होते. त्यांनी हसीनाबाईंना खुणेनं कोपऱ्यात नेलं आणि सदरा थोडा वर केला. कमरेला गोफण गुंडाळलेली होती.

"तुमी करा खूण. इमान आलं का मी हाये. पयल्या दोन फेऱ्यांला सायब बाहेर हुबं व्हतं, म्हणून थांबलो."

"आणि नोंदवहीत काय लिहिता?"

"पक्षी आपखुशीनं गेलं."

हसीनाबाईंनी 'आहे'वर खूण केली. काम त्या म्हाताऱ्याच्याच हातात राहिलं, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

पावसाळा संपला आणि बातमी आली. नोंदवहीतल्या चारशे नोंदींनुसार पक्षी आपखुशीनं जाऊ लागले होते. वैमानिकाच्या तक्त्यानुसार व्यवस्था होती. जनतेचा ऑनलाइन अभिप्रायही पाच तारे होता. तिन्ही पुरावे जुळल्यानं विमानतळाला उत्कृष्ट पक्षी-व्यवस्थापनाचा पुरस्कार मिळाला. पक्ष्यांचा त्रासच संपल्यामुळे गेणभाऊंचं काम संपल्याचा आदेश निघाला. मात्र त्यांचा सत्कार करायचा ठरला. त्यांची गोफण 'स्थानिक वारसा' या रकान्यासाठी काचेच्या पेटीत लावली गेली.

समारंभाचं विमान हसीनाबाईंनीच आणलं. मागं नऊ प्रवासी होते. पहिल्या रांगेत मंचरचे कापडाचे व्यापारी मदनलालशेठ आणि ओतूरच्या वैजयंतीबाई, सेवानिवृत्त प्राचार्या. खाली मांडव दिसत होता. पंगतीच्या पत्रावळी धावपट्टीलगत टाकल्या होत्या, त्यामुळे डांबर दिसतच नव्हतं. होते ते सगळे बगळे. हसीनाबाईंनी विमान वर घेतलं. मांडवातून टाळ्या झाल्या. दुसऱ्या घिरटीला जास्त टाळ्या झाल्या. लोकांना ती मानवंदना वाटत होती.

त्यांनी रेडिओवरून सुदर्शनना सांगितलं, गेणभाऊंना उठवा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, ते सत्कारमूर्ती आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना काम नाही."

तिसऱ्या वेळेला त्या इतक्या खाली आल्या की पहिल्या रांगेतला फेटा ओळखू आला. फेट्याखाली गेणभाऊ, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मागं मदनलालशेठ डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते आणि वैजयंतीबाईंनी त्यांचाच हात धरला होता. आता पुण्याला परतायचं, असं हसीनाबाईंनी ठरवलं आणि विमान वळवलं. तेव्हा त्यांना दिसलं की फेटा उभा राहिला आहे.

गेणभाऊंनी अंगावरची शाल काढली. मधोमध नारळ ठेवला, दोन्ही टोकं मुठीत धरली, डोक्यावरून तीन वेळा फिरवली आणि एक टोक सोडलं. नारळ जुन्नरातून निघाला आणि आंबेगावात फुटला. त्या आवाजानं सगळा थवा एकदम उठला. माळावर जुनं काळं डांबर उघडं पडलं, आणि पुढच्या मिनिटाला विमान त्याच्यावर होतं.

सत्कारमूर्तीनं समारंभात व्यत्यय आणल्याबद्दल आणि सत्काराच्या वस्तूंचा गैरवापर केल्याबद्दल टिपण तिथंच तयार झालं. हसीनाबाईंनी तक्ता मागितला आणि सरळ त्रेचाळिसावा रकाना काढला. सुदर्शननी या वेळी खरी मदत केली. ते हळूच म्हणाले, 'नाही' लिहिल्यास खाली नवी सोय आहे. दोन प्रवाशांनी साक्षीदार म्हणून सही केली तर विमानतळ बंद न ठेवता स्थानिक पर्यायी व्यवस्था पूर्ववत करता येते. म्हणजे गेणभाऊ माळ्यावर. फक्त दोन सह्या.

हसीनाबाई वैजयंतीबाईंकडे गेल्या. प्राचार्याबाई म्हणाल्या, "पाहिलं मी सगळं. पण अधिकृतपणे पाहिलं असं कसं म्हणू? मी पाहुणी म्हणून आले आहे." आणखी सहाजण मांडवात बसले होते, त्यांना जेवण होऊ द्यायचं होतं. सातव्यानं पेन घेतलं, पण ते चालत नव्हतं, आणि त्याला त्याचा आनंद लपवता आला नाही. शेवटी त्या मदनलालशेठकडे आल्या.

"कॅप्टनबाई, त्या म्हाताऱ्यानं वाचवलं आपल्याला. मी माणूस म्हणून सांगतो," शेठ म्हणाले. "पण सही कशी करू? मी पाच तारे देऊन बसलोय."

"कधी दिले?"

"तुम्ही दुसऱ्यांदा वर घेतलंत तेव्हाच मोबाइलवर आलं, 'अनुभव कसा होता' म्हणून."

"आणि पाच दिलेत?"

"चार दाबलं का खाली 'कारण लिहा' येतंय वो बाई. त्या वेळी कारण कोण लिहीत बसतो?"

चाळीस मिनिटं संपत आली. हसीनाबाई माळ्याच्या पायथ्याशी बसल्या. वर परदेशी गरुड वेळेवर ओरडत होता. गेणभाऊ आंबेगाव तालुक्यातून नारळाच्या करवंट्या गोळा करून आले आणि एक त्यांच्या हातावर ठेवली.

"खावा. मातीत पडलाय, पर ग्वाड हाये."

"गेणभाऊ, मी तुमचं नाव लिहायला नको होतं."

"आता नावच ऱ्हायलंय, बाई. काचंखाली गोफणीच्या शेजारी लावलंय. झ्याक अक्षर हाये." मग तक्त्याकडे बोट करून ते म्हणाले, "करा खूण. मागं इमान खोळंबलंय."

हसीनाबाईंनी खोबरं चावत 'आहे'वर खूण केली. कागद चांगला होता. शाई फुटली नाही.

पुरस्काराच्या फलकावर तपशील आहे. एकूण बेचाळीस हजार नागरिकांनी या विमानतळाला पाच तारे दिले. विमानतळावर आजवर उतरलेले प्रवासी दोनशे सहा. उरलेले कोण, याची चौकशी करण्याचं कारण कुणाला वाटलेलं नाही. सिग्नलला उभं असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, फोनवर आलेली कसली तरी चौकट घालवण्यासाठी आपणही एखाद्या दिवशी शेवटच्या ताऱ्यावर बोट ठेवलं असेल. आठवत नसेल तर हरकत नाही, मोजणाऱ्यांना आठवतं. माळ्यावर माणूस नाही. मंगळवारच्या विमानात तीन जागा शिल्लक आहेत. आपण पाच तारे दिलेल्या ठिकाणी एकदा उतरून पाहावं.