एका बोटाचा प्रचार

निवडणूक कशी जिंकायची ते मला विचारा! म्हणजे, आता नको. ऑक्टोबरात विचारायला हवं होतं.

आमच्या दक्षिण डकोटात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हाच आमचा नमस्कार. ओळख असो वा नसो. न उचलणारा एक तर परका, नाही तर माजलेला. आमचे सिनेटर स्टेनरुड इतकी वर्षं वॉशिंग्टनमध्ये मागच्या सीटवर बसून हे पार विसरले होते, आणि लोक म्हणायला लागले, "म्हातारा माजलाय!" यंदाची लढत अटीतटीची. आमच्या काउंटीचा प्रचार माझ्याकडे.

मी ठणकावून सांगितलं, "साहेब, उद्या माझा पिकअप तुम्ही चालवायचा. दिसेल त्या गाडीला बोट! काउंटी खिशात!"

जायचं होतं ऑर्विल नेस्बीच्या अंत्यविधीला. ऑर्विल म्हणजे साहेबांचा बालमित्र. साहेबांची प्रचाराची पाटी पहिल्या निवडणुकीपासून त्याच्या शेताच्या कडेला उभी. ती बघून निम्मी काउंटी मत द्यायची. आता पाटी ठेवायची की काढायची, हे त्याच्या बायकोच्या, आर्डिसकाकूंच्या हातात होतं.

वाटेत साहेब फोटोसाठी एका गोठ्यात शिरले आणि घोट्यापर्यंत शेणात गेले. झाला उशीर! साहेब मोज्यांवर गाडी हाकतायत आणि मी मान खाली घालून त्यांचे बूट पुसतोय.

"आज रहदारी फार आहे रे, डेल!"

"मग उचला बोट, साहेब! एकालाही सोडू नका!"

"उचलतोय की! पण उलट कुणीच उचलत नाही."

"हसा जरा!"

"हसतोयच! पण भर दुपारी दिवे लावून कसले फिरतात रे हे लोक? आणि सगळ्यांत पुढची ती लांब काळी गाडी कुणाची होती?"

माझ्या हातातला बूट गळून पडला. ती चर्चमधून दफनभूमीकडे निघालेली ऑर्विलची अंत्ययात्रा होती! दिवे लावलेली अशी यात्रा दिसली की आमच्याकडे गाडी कडेला घेऊन, टोपी काढून थांबतात. आणि आमचे साहेब दात काढून, भरधाव, प्रत्येक गाडीला बोट उचलत चालले होते! शवपेटीच्या गाडीलासुद्धा!

"थांबवा!" मी किंचाळलो. त्यांनी थांबवली, तोवर शेवटची गाडी निघून गेली होती. खडीच्या रस्त्यावर एवढी धूळ उठली होती, की पुढचं चर्च दिसेना आणि मागे गेलेला ऑर्विलही दिसेना.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. सगळ्यांचे काळे कपडे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे! सगळे ताटं घेऊन रांगेत लागले. आमची माणसं भांडत नाहीत, हेच तर वाईट.

साहेब काकूंचा हात धरून खरोखर रडले. "मला कळलंच नाही, आर्डिस. माझा ऑर्विल गं..."

काकूंनी त्यांच्या ताटात बटाटे आणि खिमा वाढला. "जरा वेगळंच झालं," त्या म्हणाल्या. "जेवून घे."

आमच्याकडे 'वेगळंच'पेक्षा मोठी शिवी नाही.

सकाळी शेताच्या कडेला पाटी नव्हती. खांबांचे खड्डेसुद्धा नीट बुजवलेले.

नोव्हेंबरात साहेब पडले. आता ते लेकीकडे ॲरिझोनात असतात. ऑर्विलचं नाव निघालं की फोन ठेवून देतात. मी मात्र इथेच. रोज बोट उचलतो, समोरून कुणी उचलत नाही. सख्खा मेव्हणासुद्धा नाही!

गेल्या आठवड्यात मात्र एकानं उचललं. खरंच! मला इतकं भरून आलं, की गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि त्या देवमाणसाला नीट बघावं म्हणून मागे वळलो.

नंबरप्लेट शेजारच्या नेब्रास्काची होती.