वच्छलाकाकू आणि राहिलेलं बाळंतपण

आमच्या गल्लीतल्या वच्छलाकाकू कुठल्याही बाईला तिचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "तुह्यं बाळंतपण कोनं केलं व?"

समोर भाजीवाली असो, नाहीतर बँकेतली मॅडम. बँकेतली मॅडम बिचारी म्हणाली, "अम्मा, मैंने तो शादी ही नहीं की." काकू म्हणाल्या, "कोई बात नहीं. तुम्हारी माँ का किसने किया था?" मागे रांग खोळंबली, पण काकूंनी उत्तर घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही.

आम्ही तिरोडीहून बालाघाटला राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरायच्या आतच हा प्रश्न माझ्या आईवर येऊन आदळला. आईनं हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "कोनीच नाई केलं." काकूंचे डोळे असे चमकले की मला तिथेच संशय आला.

आई खोटं बोलली नव्हती. मी जन्मले तेव्हा बाबा तिरोडीला मँगनीजच्या कामावर होते आणि नेमका त्याच सुमाराला त्यांचा पाय मोडला. घरात बाज एकच. त्यामुळे नवरा बाजेवर आणि बाळंतीण जमिनीवर. अंगात ताकद येण्याआधीच आई डोक्यावर घमेलं घेऊन कामाला लागली. मी झाडाखाली लुगड्याच्या झोळीत. शेक नाही, मालिश नाही, लाडू तर नाहीच. तेव्हापासून तिची कंबर धरली ती सुटली नाही. त्या कमरेवर घमेली वाहून तिनं मला बी.एस्सी. केलं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारता सांगते. आता मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढते आणि कशावरही पटकन विश्वास ठेवत नाही.

वच्छलाकाकूंवर तर नाहीच नाही. त्या वनविभागातल्या बाबूची विधवा, मूलबाळ नाही, दोन खोल्या आणि मागे अंगण. काका गेल्यावर म्हणे वर्षभर दार लावून बसल्या होत्या. मग एक दिवस दार उघडलं ते हे काम घेऊनच. पन्नाशी-साठीच्या बायकांची राहिलेली बाळंतपणं करणं.

काकूंचं शास्त्र असं : "लेकरू मोठं होऊन जाते. आंग तितंच बसून राह्यते. आंग इसरत नाई." गुडघे दुखतात, झोप लागत नाही, पोटात जळजळ होते, सगळ्यांचं मूळ एकच, बाळंतपण राहिलं. एका बाईची सून तिचं ऐकत नव्हती, त्याचं कारणही तपासाअंती हेच निघालं.

उपायही एकच. आठवडाभर रोज दुपारी काकूंच्या अंगणात बाजेवर झोपायचं. तिळाच्या तेलानं मालिश, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. पोटाला पट्टा, कानाला फडकं, हातात डिंकाचा लाडू. आणि आठवडाभर घरच्या कामाला हात लावायचा नाही.

आईनं हे घरी सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न, "मंग माह्या चहाचं काय?"

काकू दारातच उभ्या होत्या. "बाळंतिणीले चहा करायले लावता काय हो? शरम नाई वाटत?"

बाबांचं वय पासष्ट. बाळंतिणीचं साठ. ते गुपचूप स्वयंपाकघरात गेले आणि साखर कुठल्या डब्यात असते ते शोधू लागले.

मला मात्र चैन पडेना. या बाईला यातून मिळतं काय? पैसे घेत नाही, शपथेला सुपारीसुद्धा नाही. फुकट देणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. आधी वाटलं, कुठल्यातरी चूर्णाच्या कंपनीची एजंट असेल, शेवटच्या दिवशी डबे काढेल. पण आईच्या आधी झोपून गेलेल्या बायकांना विचारलं, कोणासमोरच डबे निघाले नव्हते. मग वाटलं, वॉर्डातून उभी राहणार असेल. पण निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि काकू मत द्यायलाही उशिरा पोचल्या होत्या, कारण धुरी अर्धवट सोडता येत नाही. शेवटी मी एक लाडू लपवून लॅबमध्ये नेला. आमचं मशीन लाडू तपासत नाही. सरांनी तो खाल्ला आणि रिपोर्ट दिला : नॉर्मल, आणखी सॅम्पल आणा.

गल्लीचा संशय वेगळाच होता. समोरच्या मिश्रा आंटींनी मला गेटपाशी गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "बिटिया, मम्मी के कान बँधे हैं, घर में अजवाइन महक रही है, गोंद के लड्डू खा रही हैं। बधाई दूँ कि चुप रहूँ?"

"आंटी, वो मेरा वाला है।"

"तुम्हारा? हाय राम, तुम्हारी तो अभी शादी..."

"नहीं आंटी, मैं जब पैदा हुई थी न, वो वाला।"

आंटी मग म्हणाल्या, "तुम लोग मराठी में समझाया करो, शायद मैं समझ जाऊँ।"

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आंटींकडून कळलं की काकू बोलून गेल्या, धुरी अंगात मुरली की बीपीची गोळी लागत नाही. आईला बीपी आहे. गोळ्या बंद केल्या की लोकांचं काय होतं ते मी रोज रिपोर्टांत बघते. घरी येऊन आधी गोळ्यांचं पाकीट पाहिलं. गोळी घेतलेली होती. पण आज घेतली म्हणजे उद्या घेईलच असं नाही. रविवारी दुपारी मी सरळ काकूंच्या अंगणात शिरले, भांडायची पूर्ण तयारी करून.

आई बाजेवर कुशीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं, कानाला फडकं, गालावर तेल. भर दुपारी झोपलेली आई मी जन्मात पाहिली नव्हती. दुसरं कोणी जागं असताना ती आडवी झालेलीच मला आठवत नाही. त्यामुळे भांडण मला कुजबुजत करावं लागलं.

"काकू, आईची गोळी बंद करायची नाही."

"मी कवा म्हटलं?"

"मिश्रा आंटींना म्हटलंत."

"तिले म्हटलं असन. तुह्या मायले नाई म्हटलं."

"कोणालाच म्हणायचं नाही. धुरीनं बीपी जात नाही. तुमच्या भरवशावर एखादी गोळी सोडेल आणि तिच्या अंगावरून वारं जाईल."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कितवी शिकली व तू?"

"बी.एस्सी."

"मंग राहू दे गोळी," त्या म्हणाल्या, जणू काही माझ्यावर उपकारच करत होत्या. "गोळी बी राह्यीन, धुरी बी राह्यीन. नांदतीन दोघी सवतीसारख्या."

जिंकल्यावर निघून जायला हवं होतं. पण संशयी माणसाचा एक प्रश्न नेहमी शिल्लक असतो. मी म्हटलं, "काकू, तुमचं कोणी केलं?"

"काय?"

"बाळंतपण."

अख्ख्या बालाघाटाला हा प्रश्न विचारणाऱ्या बाईनं शेगडीतले निखारे उगाच खालीवर केले. ओव्याची चिमूट टाकली, ती शेगडीबाहेर पडली.

"माह्यं राह्यलं," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"लेकरू जगलं नाई. लेकरू नाई तं बाळंतीण कायची? सासू म्हने, कोनाले शेक द्याचा? दोन-तीन दिसांनी विहिरीवर पाणी भरत होती मी." त्यांनी पदरानं हात पुसले, नुसतेच. "आंगाले काय माहीत बाई, लेकरू गेलं म्हणून? दूध येतच होतं. घरात कोनी चिमूटभर ओवा बी नाई भाजला."

बाहेर पडलेला ओवा मी वेचून शेगडीत टाकला.

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं नाई."

बाजेवरून आवाज आला. आई जागी होती, कधीपासून कोण जाणे. डोळे न उघडताच म्हणाली, "वच्छले, पुढच्या सोमवारी तू झोपजो इतं."

"मी? मले काय धाड भरली? माह्याजवळ लेकरू हाय काय?"

"लेकरू कोनं मांगलं? आंग तं हाय ना? आंग इसरत नाई म्हणते न तू?"

आपलंच वाक्य असं परत आल्यावर काकू पुटपुटल्या, "मंग शेगडी कोन पाह्यीन?"

"मी पाहीन," मी म्हणाले. लॅबमध्ये आठवडाभराची रजा टाकली. कारण लिहिलं : घरी बाळंतपण.

बाळंतीण म्हणून काकू भयंकर निघाल्या. त्यांचा कोणावर विश्वास नाही. आईनं मालिश सुरू केली तर, "हे तेल तिळाचंच हाय न? वास येऊन राह्यला." मी ओवा भाजला तर, "कच्चा हाय. बी.एस्सी.त भाजायले नाई शिकवत काय?" बाबांनी चहा करून पाठवला, तो त्यांनी आधी हुंगला. मिश्रा आंटी सुंठीचे लाडू घेऊन आल्या. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही, डबा उशाशी ठेवला आणि पाय चेपत बसल्या. काकू म्हणाल्या, "जरा जोर से दबाओ. खाना नहीं खाया क्या?"

दोनच दिवस असं चाललं. तिसऱ्या दुपारी मी त्यांच्या कानाला फडकं बांधत होते आणि त्यांनी डोकं माझ्या हातावर टेकवलं. त्यानंतर ओवा कच्चा आहे की भाजलेला, हे त्यांनी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांचं बीपी मोजलं. पहिल्या दिवशी मोजलं तेव्हा वाढलेलं होतं, आताही तेवढंच होतं. मी ते त्यांना मुद्दाम सांगितलं आणि डॉक्टरांकडे नेऊन गोळी सुरू केली. आता आई आणि त्या रोज सकाळी आपापली गोळी एकमेकींसमोर घेतात, एकीचा दुसरीवर विश्वास नसल्यासारख्या. धुरीनं काही बरं होतं हे मला आजही पटलेलं नाही.

पण वच्छलाकाकूंचं बाळंतपण झालं.